ताईंच्या आठवणी पाठवताना

सर्व सभासदांना नमस्कार.

स्मरणसभेत ताईंच्या घरच्यांना आठवणींची वही द्यायची, हे आपलं ठरलंच आहे. कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची मैत्रीण. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या ताई आल्या. म्हणून ‘प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या’ एवढ्यावर थांबू नका. राग आला की त्या चष्मा काढून पुसत बसायच्या, ‘निघते’ म्हणून दारात तासभर बोलायच्या, असं काहीतरी लिहा. थट्टाही चालेल, त्यांनी स्वतः कुणाला सोडलं नव्हतं! एक पान पुरे.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो आणि छापताना तो धूसर येतो. तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

ताईंचे व्हॉइस मेसेज कुणाकडे असतील तर ते आजच दुसरीकडे साठवून ठेवा. फोन बदलताना नेमकं हेच राहून जातं.

सभेत बोलणं ज्यांना जड जाईल त्यांनी तसं कळवा, त्यांचं लिहिलेलं दुसरं कुणी वाचेल.