खाणीच्या भरावावर घरे बांधण्यापूर्वी जमीन किती बसते ते मोजा : पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : उघड्या कोळसा खाणींच्या भरावावर बांधकामास परवानगी देण्यापूर्वी जमिनीच्या खचण्याची मोजणी सक्तीची करण्याबाबत.

महोदय,

कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) कायदा, 1957 खाली संपादित झालेल्या आणि कोळसा काढून झालेल्या जमिनी भाडेपट्ट्याने इतर कामांसाठी वापरण्याच्या धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 13 एप्रिल 2022 रोजी मान्यता दिली. त्या कामांच्या यादीत प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसनही आहे. ज्यांचे गाव खाणीत गेले त्यांना त्याच परिसरात घर मिळावे, ही चंद्रपूर, वणी आणि उमरेड पट्ट्यातील मागणी रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ती घरे भरावावर, म्हणजे माती-दगड टाकून बुजवलेल्या खाणीच्या खड्ड्यावर, उभी राहणार असतील तर तो भराव किती बसला आणि अजून किती बसायचा आहे, हे आधी मोजले पाहिजे.

आमच्याकडे जमीन खचण्याचा विषय निघाला की घुग्घुस आठवते. 26 ऑगस्ट 2022 रोजी तेथील अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. तो जुन्या भूमिगत खाणीचा परिणाम होता. उघड्या खाणीचा भराव असा एका क्षणात गिळत नाही. तो वर्षानुवर्षे इंचाइंचाने बसत राहतो, आणि म्हणूनच त्याची दखल उशिरा घेतली जाते.

कोळशावरची काळी माती, चिकणमाती आणि वालुकाश्माचे दगड डंपरने उंचावरून खड्ड्यात ओतले जातात. वरचा एखाद-दुसरा मीटर यंत्रांच्या चाकांखाली दबतो, पण खाली ढेकळा-दगडांमधल्या पोकळ्या तशाच राहतात. अशा भरावाचे स्वतःच्याच वजनाने दबणे काळाच्या दहापटीने चालते, म्हणजे पहिल्या ते दहाव्या वर्षात जेवढा तो बसतो, साधारण तेवढाच पुन्हा दहाव्या ते शंभराव्या वर्षात बसतो. अशा दर दहापटीच्या टप्प्याला खोलीच्या एक टक्का धरले तरी 40 मीटरच्या भरावात ते 40 सेंटिमीटर होतात. भराव दहा वर्षांचा झाला म्हणून तो पक्का झाला, असे समजणे त्यामुळे चूक आहे.

याहून मोठा धोका पाण्याचा आहे. खाण चालू असेपर्यंत पंप पाणी उपसत असतात. ते बंद झाले की भूजल हळूहळू भरावात चढते, कोरडी असताना टणक वाटणारी ढेकळे भिजून विरघळतात आणि वर काहीही न बांधता जमीन एकदम बसते. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमधील हॉर्सले येथे सुमारे 70 मीटर खोल भरावात हे मोजून पाहिले आहे. तेथे 1974 मध्ये उपसा थांबल्यावर पाणी 30 मीटरहून अधिक चढले आणि काही थर दोन टक्क्यांपर्यंत दबले. आपल्या भरावात तर पाण्याने फुगणारी व उन्हाळ्यात भेगाळणारी काळी मातीही मिसळलेली असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका भरावाच्या काठावरील सभागृह पाहण्यासाठी मला बोलावले होते. पूर्वेकडच्या भिंतीत जोत्यापासून छतापर्यंत एक उभा तडा होता. खाली त्यात पोस्टकार्ड जेमतेम जात होते, वर माझी दोन बोटे. मी तड्यावर प्लॅस्टरची पट्टी बसवून तारीख लिहिली, आणि पावसाळा सरल्यावर गेलो तेव्हा पट्टी दुभंगलेली होती. जुना नकाशा काढून पाहिला तर खाणीची उभी कड नेमकी त्या तड्याखालून गेलेली होती. अर्धी इमारत मूळ जमिनीवर होती आणि अर्धी भरावावर. सगळी इमारत सारखीच बसली असती तर ती कदाचित सावरली असती; तिला मारले ते दोन अर्ध्यांमधल्या या फरकाने. ती कड कुठे आहे, हे आराखड्यावर कोणी दाखवलेच नव्हते.

नेहमीच्या चाचण्या येथे अपुऱ्या पडतात. 60 सेंटिमीटरच्या लोखंडी प्लेटवर भार ठेवून केलेली परीक्षा फार तर वरच्या मीटर-सव्वामीटरचे सांगते, आणि बोअरमध्ये नळी ठोकून किती ठोक्यांत ती खाली जाते याची मोजणी एखाद्या दगडावर अडली की भराव आहे त्याहून मजबूत दिसतो. अहवाल खोटा नसतो, पण तो तीस मीटर खालच्या पोकळ्यांविषयी काहीच बोलत नाही.

म्हणून आपल्या विभागाने असा आदेश काढावा की, भरावाबाहेरच्या पक्क्या खुणेवरून किमान दोन पावसाळे लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजणी) घेतल्याशिवाय, वेगवेगळ्या खोलीवरचे दबणे बोअरमध्ये ठरावीक खोलींवर बसवलेल्या आणि मातीबरोबर खाली सरकणाऱ्या चुंबकीय कड्यांनी मोजल्याशिवाय, आणि भूजल पूर्वपातळीला येऊन स्थिरावल्याशिवाय कोणत्याही पुनर्वसन ले-आउटला मंजुरी मिळणार नाही. विहिरींच्या नोंदींसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्याकडे आहेच. 2025 च्या जुलैमध्ये सोडलेला निसार उपग्रह बारा दिवसांनी त्याच भूभागावर येतो; त्याच्या रडार प्रतिमांवरून उघड्या जमिनीचे खचणे ताडता येते, आणि हे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे सोपवता येईल. खाणीची पुरलेली कड प्रत्येक ले-आउटवर लाल रेषेने दाखवावी आणि तिच्या दोन्ही अंगांना रुंद पट्टा मोकळा सोडावा. त्यावर झाडे लावावीत, मैदान करावे, पण घर नको. जेथे बांधायचेच असेल तेथे नियोजित वजनाहून अधिक मातीचा ढीग काही महिने रचून जमीन आधीच दाबून घेता येते. त्याने वरचे थर सुधारतात. खोलवर पाणी चढल्याने होणारे खचणे मात्र थांबत नाही.

या कामाला खर्च येईल. परंतु ज्या कुटुंबाने एक घर खाणीसाठी सोडले, त्याने मिळालेल्या दुसऱ्या घराच्या भिंतीत तडे बुजवत आयुष्य काढावे, हे मला सहन होत नाही.

घाई करण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. पंप बंद होण्यापूर्वीची पहिली लेव्हल आणि पहिली पाणीपातळी एकदा हुकली की ती पुन्हा कधीही मिळत नाही. ज्या खाणींचा उपसा थांबायचा आहे, तेथे येत्या पावसाळ्याआधी मोजणीच्या खुणा रोवल्या जाव्यात, अशी आपणास नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, चंद्रपूर