जुन्या बरण्या जपणाऱ्या संग्रहपाल बाईंस

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या जुन्या माशांचा डीएनए अखेर वाचता आला, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला आज आढळणारे मासे या खोऱ्यातील मूळ वंशाचेच आहेत, हे आता आम्हांला पुराव्यानिशी म्हणता येते. ही बातमी सर्वांआधी आपल्याला कळवावी असे मनापासून वाटले.

केवळ आजच्या माशांवरून हे ठरले नसते. वर्षानुवर्षे हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेले मत्स्यबीज सोडले गेल्याने खालच्या प्रवाहात परक्या खोऱ्यांतील वंश इतके मिसळले आहेत की बीज सोडण्यापूर्वी पकडलेला मासाच साक्षीला हवा होता. अमेरिकेतील कोलोरॅडोविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकातील संग्रहालयीन नमुने तपासले गेले, तेव्हा ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट या माशाचे म्हणून जपले जाणारे साठे दुसऱ्याच वंशाचे निघाले. खरा ग्रीनबॅक बेअर क्रीक या एका ओढ्यात, तोही मूळ खोऱ्याबाहेर, तग धरून होता.

आपल्याआधी ज्यांच्याकडे विचारणा केली, त्यांतील एका संस्थेने उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. दुसरीने पाठवलेल्या माशांच्या परांच्या तुकड्यांवर स्थळ म्हणून फक्त ‘नदी’ एवढेच लिहिलेले होते. मासा कुठे पकडला हे माहीत नसेल, तर डीएनए कितीही चांगला मिळाला तरी उगमाच्या शोधात त्याचा उपयोग नाही. हे त्यांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. त्यांना त्याची पर्वा नव्हती, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

आपण मात्र प्रत्येक कुपीसोबत स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी जोडलीत. कोणता मासा पहिल्यापासून अल्कोहोलमध्ये आहे आणि कोणता आधी फॉर्मॅलिनमध्ये होता, हे तीत होते. फॉर्मॅलिनने डीएनए तुटत असल्यामुळे कोणत्या नमुन्याला आधी हात घालावा हे आम्हांला लगेच कळले. पण सर्वांत मोलाची ठरली ती एका बरणीविषयीची ओळ: ‘लेबल नंतर कुणीतरी नव्याने लिहिलेले आहे, अक्षर निराळे आहे, स्थळावर विसंबू नये.’ हे कुणीही आपल्याला विचारले नव्हते, आणि आपल्याच संग्रहातील उणीव सांगण्याची आपल्यावर सक्तीही नव्हती. त्या ओळीमुळे तो मासा आम्ही मूळ वंशाच्या नमुन्यांत धरला नाही. पुढे त्याचा वंश लांबच्या खोऱ्यातला निघाला; तो धरला असता, तर परक्या माशांनाच आम्ही इथले मूळचे ठरवून बसलो असतो.

आपल्या कामातली शंका न लपवता पुढच्याच्या हाती देणारी माणसे विरळा, आणि अशांच्या भरवशावरच इतरांचे संशोधन उभे राहते.

शोधनिबंधाच्या तक्त्यात त्या बरणीच्या क्रमांकापुढे आपली ओळ जशीच्या तशी छापण्याचा विचार आहे. आपली संमती असल्यास कृपया कळवावे.

आपला ऋणी,
एक मत्स्य-संशोधक