छकुलीचे फोटो आणि आपल्याकडचं ऊन

अमळनेर,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

छकुलीचे फोटो मिळाले. पोरगी गोड आहे, पण त्याचं श्रेय तिला आणि तिच्या आईला. फोटोंचं वेगळं बोलते. तू फोनवर विचारलंस, एवढा महागाचा कॅमेरा घेऊनही हिच्या डोळ्यांखाली काळं का येतं आणि दरवेळी ही डोळे का मिचकावते? तेव्हा 'नंतर सांगते' म्हटलं, कारण तुझ्यामागे कुकर शिट्ट्या देत होता आणि हे दोन वाक्यांत आटपणारं नाही.

सगळे फोटो तू गच्चीवर भर दुपारी काढलेत. तिची सावली पायांतच गोळा झाली आहे, त्यावरून कळतं. सूर्य वर असला की कपाळ आणि नाकाचा शेंडा झगझगतो, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते, नाकाची ओठावर. त्यात तू तिला उन्हाकडे तोंड करून उभं केलंस, मग ती डोळे मिटणार नाही तर काय करणार? 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. फिल्म मंद आणि कॅमेरे साधे होते तेव्हा ते ठीक होतं. पोराच्या चेहऱ्यासाठी ते सोडून दे. ऊन तिच्या पाठीशी घे. केसांच्या कडेला उजेडाची रेघ येईल, चेहरा सावलीत राहील आणि डोळे आपोआप उघडतील. फक्त मागच्या उजेडाला फसून कॅमेरा चेहरा काळा करेल. तू लहान असताना मी जवळ जाऊन तुझ्या गालावरचा उजेड कॅमेऱ्याच्या मीटरवर मोजायची, आकडे कायम ठेवायची आणि मागे सरकून फोटो काढायची. तू थांबत नसलास तर त्याच उजेडात माझा तळहात धरून मोजायची. तळहात चेहऱ्याहून उजळ असतो, म्हणून वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, उघडायची. तुझ्या कॅमेऱ्यात त्यासाठी अधिक-उण्याची चकती आहे. ती फिरवायला शीक, बाकीची बटणं नंतर.

मी हे सगळं तुझ्यावर शिकले. शाळेत चित्रकला शिकवत होते, चेहऱ्याचं रेखाटन येत होतं, पण जुना घेतलेला तो हाती चालणारा कॅमेरा मला जुमानत नव्हता. छत्तीस फोटोंचा रोल, धुवायचा-छापायचा खर्च वेगळा. शेजारच्या बायकांचे फोटो काढायला लागले की त्या आधी साडी बदलून यायच्या. तू मात्र आहेस तसा, शेंबडासकट, रोज हजर. घरच्या पोरावर शिकण्यातला खरा फायदा फुकट मॉडेलचा नाही. चेहरा तोच राहतो आणि बाकी सगळं बदलतं, हा आहे. वर्गात मी एकच मडकं खिडकीपाशी, दाराशी, दिव्याखाली ठेवून पोरांकडून काढून घ्यायची, तसंच हे. तुझं नाक कसं आहे ते मला पाठ होतं. त्यामुळे ओसरीवर ते वेगळं आणि नदीत वेगळं दिसलं की फरक उजेडाचा आहे हे लगेच कळायचं. वहीत प्रत्येक फोटोपुढे अॅपर्चर (भिंगाचं भोक किती उघडं), शटर (ते किती वेळ उघडं) आणि दिवसाची वेळ लिहून ठेवायची. तुझा कॅमेरा ते स्वतःच लिहून ठेवतो. पण लिहिलेलं वाचायचं काम तुझंच.

यातला धोकाही सांगते. आपल्या लेकराचा कोणताही फोटो आपल्याला चांगलाच वाटतो. जिथे रोल धुवायला द्यायची तिथला माणूस एकदा प्रिंट बघत म्हणाला, "ताई, पोरगा झकास आहे, फोटो नाही." आठवडाभर मला त्याचा राग होता. पुढे मात्र प्रत्येक रोल आधी त्यालाच दाखवायला लागले. तूही तुझे फोटो अशा कुणाला तरी दाखव ज्याला छकुलीशी काही देणंघेणं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकशील तर सगळे बदाम पाठवतील, शिकणार काय?

आता आपल्याकडच्या उन्हाचं. तू बघतोस ते व्हिडिओ बहुतेक विलायतेतले. तिकडे संध्याकाळी सूर्य तिरका तिरका, सावकाश खाली जातो, सोनेरी उजेड बराच वेळ टिकतो. आपण एकवीस अक्षांशावर. इथे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि चांगला उजेड बघता बघता संपतो. मे अखेरीस तर भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीही दिसत नाही. त्या दिवसांत साडेनऊनंतर बाहेर फोटो काढणं म्हणजे पोराला उगाच भाजणं. तुझी आजी ओट्यावरून ओरडायची, "पोऱ्याले उन्हामा कसाले उभा करस व माय?" फोटोग्राफीच्या दृष्टीनेही तिचं अगदी बरोबर होतं. तुम्ही दिवाळीत याल तेव्हा तसं नसेल. सूर्य दुपारीसुद्धा कलता असतो, मावळतो सहाच्या आसपास. साडेचारला शेताकडे निघालो तरी चालेल.

आणि जमीन बघ. वरून येणारा उजेड सगळ्यांना दिसतो, खालून येणारा कुणी बघत नाही. आपली कपाशीची काळी जमीन उजेड पिऊन टाकते. त्यावर मूल उभं केलं की हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली काहीच परत येत नाही. शिवाय चौकटभर काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. तिथे एक स्टॉप उणे कर. पण कपाशी फुटलेली असली तर उलटं. कमरेइतक्या पांढऱ्या बोंडांमधे मूल उभं राहिलं की खालून मऊ उजेड चढतो, तुझे आजवरचे सगळ्यांत चांगले फोटो तिथलेच आहेत. तिथे कॅमेरा उगाच काळवंडतो, म्हणून थोडं अधिक कर. जिथे पांढरं काही नसेल तिथे मी तुझ्या आजोबांचं धुतलेलं धोतर जमिनीवर पसरायची. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

बोरी नदीचं कोरडं पात्रही चांगलं. वाळू फिकी, उजेड परत फेकणारी, मागे लांबवर काही नाही. केळीच्या बागेचा मोह मात्र आवर. रावेर-यावलकडे गेलं की सगळ्यांना आत शिरून फोटो हवा असतो. आत पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि गालावर तो हिरवाच उतरतो, पोर आजारी दिसतं. बांधावर, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करायचं, बाग मागे. निंबाखाली कवडसे पडतात, एक कपाळावर, एक नाकावर, तेही नको. सगळ्यांत हुकमी जागा आपलंच दार. धाब्याच्या घराची ओसरी, वर छप्पर, समोर चुन्याने रंगवलेली भिंत आणि तिच्यावर ऊन. उंबऱ्यावर बसलेल्या पोराच्या दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका येतो. पेन्सिलने चेहरा काढताना तो ठिपका आम्ही कोरा सोडतो. तो नसला तर डोळे मेल्यासारखे दिसतात. फोटोतही आधी तोच शोध.

चाळीसगावला स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. तुला नेलं होतं, पण तुझं सगळं लक्ष इंजिनांकडे. १९१२ साली जन्मलेला, १९८९ साली गेलेला हा माणूस, वर्षानुवर्षं घराबाहेर जवळपास पडलाच नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, खरं वाटेल असं दृश्य उभं करायचा. ते फोटो बघून आल्यावर मला माझ्या कामाचा नीट अंदाज आला. त्याच्या टेबलावरची वस्तू सांगितलेल्या जागी राहायची. माझी वस्तू शेळीमागे पळायची. मग उजेड हलवता येत नाही आणि पोरही हलवता येत नाही, तर जागा तेवढी आपल्या हातात उरते. म्हणून मी आधी उजेड बघून जागा ठरवायला लागले आणि तिथे तुला काहीतरी काम द्यायला लागले: शेंगा सोल, बकरीला पाला दे, सीताफळ खा. 'इकडे बघ, हस' म्हटलं की पोरं दात दाखवतात, हसत नाहीत. तू तर जीभ काढायचास.

कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आण. मातीत बसावं लागतं, पॅन्ट धुता येते. तुझी ५० मिलिमीटरची लेन्स चांगली आहे, पण चेहऱ्याला चिकटू नकोस, नाक मोठं येतं. आणि अॅपर्चर सारखं १.८ वर ठेवू नकोस; आकडा लहान तितकं भोक मोठं आणि स्पष्ट भाग कमी. दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम दहा सेंटिमीटर स्पष्ट राहतं, ती मान वळवेपर्यंत डोळा धूसर. बसलेली असेल तर २.८, पळत असेल तर ४ आणि शटर निदान १/५०० सेकंद. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढला तर वाढू दे. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. एक गोष्ट मात्र माझ्यासारखी करू नकोस: निगेटिव्हमधे उजेड थोडा जास्त झाला तरी निभायचं, म्हणून मी मोकळ्या हाताने द्यायची. डिजिटलमधे पांढरं एकदा जळलं की परत येत नाही. गालावरची चमक सांभाळ.

ती कंटाळायच्या आधी थांब. दहा मिनिटं फार झाली. भुकेल्या पोराचा फोटो काढायचा नाही, आणि गोडीशेव हातात असताना तर नाहीच, तोंडभर चिकट होतं.

वेचणी सुरू झाली आहे. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग पडलाय, तोही दाराच्या उजेडात उपयोगी पडेल. तिला त्यात उड्या मारू दे, पण नंतर अंघोळ घाल, अंगाला खाज सुटते. शेताकडच्या फडाची वेचणी मी लक्ष्मीपूजनापर्यंत थांबवायला सांगितली आहे, वाटेकरी कुरकुरतोय. येताना तिचे फिके, साधे कपडे आण. तो भडक लाल फ्रॉक फोटोसाठी नको, त्याचा लाल रंग हनुवटीखाली उतरतो. सूनबाईला म्हणावं, फोटोच्या वेळी तिने माझ्या बाजूला उभं राहून छकुलीशी गप्पा मारायच्या, तुझ्या मागून हातवारे करायचे नाहीत. जास्तीची बॅटरी आण, इथे संध्याकाळी लाइट जातात. धोतर माझ्याकडे आहे.

तुझी,
आई