आजीला मशीन दिलं, काम कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना शिलाई मशीन वाटल्याचे फोटो पेपरात अधूनमधून येतात. देणाऱ्यांच्या मनाबद्दल शंका नाही. पण सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे माझी नजर आधी मशीनवर जाते. बहुतेक वेळा ते पायाचं असतं. त्यावर घरातलं उसवलेलं, फार तर गल्लीतले ब्लाउज शिवून होतात. गणवेशाला पॉवरचं मशीन लागतं, कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉकचं मशीन लागतं, काज-बटणाचं लागतं. ओव्हरलॉक न मारलेली पॅन्ट दोन धुण्यांत सुटते, आणि व्यापारी त्या बाईला पुन्हा दारात उभं करत नाही.

आमच्या पूर्व भागात एक आजी आहे. कोरोनात मुलगा-सून दोघंही गेले, दोन नातवंडं तिच्या पदरात. ती विड्या वळते. हजार विड्या पुऱ्या करायला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसावं लागतं, वर छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढी मजुरी गेली. तिलाही असंच मशीन मिळालं. आता त्यावर टीव्ही ठेवलाय. मला तर ती शहाणी वाटते, निदान वापर तरी झाला.

सरकार काही करत नाही, असं मी म्हणणार नाही. बाल संगोपन योजनेचे महिन्याला 1,100 रुपये मिळायचे, ते 2023 मध्ये 2,250 झाले. कोरोनात आई-वडील दोघंही गमावलेल्या मुलांच्या नावावर राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली. 2018 पासून अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षणही आहे. पण हे सगळं मुलाच्या नावावर. त्याला रोज भाकरी घालणारी आजी, मावशी, काकू काय कमावते, हे कोणी विचारत नाही. बाल संगोपनाचे पैसे मुलगा अठराचा झाला की थांबतात. तोवर घरात दुसरी कमाई उभी राहिली नसेल तर पोरगं कॉलेज सोडून यंत्रमागावर जातं.

सोलापुरात शिलाईचं काम भरपूर आहे, पण ते सीझनचं. जून-जुलै संपला की माझीच मशीनं रिकामी पडतात. टॉवेलच्या कडा, हॉस्पिटलच्या चादरी असं बारमाही काम जोडलं तरच घर चालतं. एकट्या बाईला ते मिळत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक शेड, एक कटिंग मास्तर घेतला तर मिळतं.

2024 मध्ये सरकारी शाळांसाठीच्या 'एक राज्य एक गणवेश' योजनेची शिलाई बचत गटांना दिली होती. मजुरी इतकी कमी होती की परवडेना, आणि कित्येक पोरांना गणवेश पंधरा ऑगस्ट उलटल्यावर मिळाले. आता खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली आहे. जिल्ह्यातल्या समित्यांनी आपल्या गणवेशांतले थोडे जरी अशा घरांना शिवायला दिले, रास्त मजुरीने आणि दिवाळीनंतर लगेच सांगून, तर कापड कापायला वेळ मिळेल. मे महिन्यात सांगितलं तर आम्हालाही जमत नाही, त्या नवख्या बायकांना कुठून जमणार?

जुलै संपला की माझ्याकडे चार मशीनं मोकळी असतात. शिकायला येणाऱ्यांकडून पैसे घेणार नाही, शिकताना वाया जाणारं कापडही माझं. मशीन वाटणाऱ्या मंडळींनी यंदा पायाच्या पाच मशीनांऐवजी एक ओव्हरलॉक घ्यावं. कोणतं घ्यायचं ते दाखवायला मी दुकानात सोबत येईन.

आपली,
एक शिलाई कारखानदार,
अशोक चौक परिसर, सोलापूर