सौरवादळाच्या बातमीत अनिश्चितताही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञानपानावर कृष्णविवरांच्या टकरीची बातमी आणि सौरवादळाचा इशारा पुष्कळदा शेजारी शेजारी येतात आणि दोन्हींची भाषा सारखीच ठाम असते. पहिल्या बातमीला तो ठामपणा शोभतो. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लायगो या वेधशाळेने टिपलेली गुरुत्वीय लहर, म्हणजे अशा टकरीने अवकाशाच्या पोतात उठणारा तरंग, इतकी स्पष्ट होती की, टकरीपूर्वीच्या दोन कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर आणि विलीनीकरणानंतरचे सुमारे ४ लाख, असा हिशेब मांडता आला. हे पृष्ठफळ कधी घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचे १९७१ सालचे प्रमेय त्यामुळे प्रत्यक्ष निरीक्षणावर घासून पाहता आले. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत वस्तुमान, अंतर आणि वेग घातले की पुढचे बरेचसे ठरून जाते. ग्रहणाची वेळ आपण सेकंदापर्यंत छापतो, ती याच बळावर.

सौरवादळाचे तसे नाही, आणि त्यातही बातमीत दोन निराळ्या घटनांची सरमिसळ होते. मी हॅम रेडिओचा जुना हौशी आहे. भर दुपारी १४ मेगाहर्ट्झवर बोलणे चालू असताना समोरचा आवाज एकाएकी खोल जातो, पाठोपाठ बाकीची स्टेशने बुडतात, नेहमीची खरखरसुद्धा मंदावते. पहिल्यांदा वाटते, अँटेनाची वायरच सुटली. ती सौरज्वाला असते, म्हणजे सूर्यावर अचानक उसळलेला प्रारणांचा झोत. तिचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात, आयनांबराचा, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या वरच्या विद्युतभारित वातावरणाचा, खालचा थर लघुलहरी शोषू लागतो आणि बहुधा तासाभरात सारे पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशी मात्र मथळा असतो, ‘सौरज्वाला पृथ्वीवर आदळणार’! जी येऊन गेली ती आदळणार कशी? मागून येऊ शकतो तो सूर्याने फेकलेला चुंबकित प्लाझ्माचा (विद्युतभारित तप्त वायूचा) लोट, आणि तो निघाला आहे का, पृथ्वीच्या रोखाने आहे का, याचा बातमीत पत्ता नसतो.

हा लोट पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात आणि आजची चांगली संगणकीय प्रारूपेसुद्धा त्याच्या वेळेत दहा-बारा तासांनी सहज चुकतात. पण खरी अडचण वेळेची नाही, दिशेची आहे. लोटातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाऊन ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल तर तेवढाच वेगवान लोट फारसे काही न करता निघून जाऊ शकतो. ही दिशा दुरून खात्रीने ओळखण्याची रीत अजून कोणाला साधलेली नाही. ती कळते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी, जिथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ असा बसतो की यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. भारताचे आदित्य एल-१ हे सूर्याचा अभ्यास करणारे यान तिथेच आहे. लोट तिथवर येऊन ठेपला की हातात उरतो जेमतेम पाऊण तास, वेग जास्त असेल तर त्याहूनही कमी.

गंमत म्हणजे गुरुत्वीय लहरींचे संशोधनही याच परिसरात जाऊन आले आहे. अवकाशातून गुरुत्वीय लहरी टिपण्याच्या तंत्राची चाचणी घेणाऱ्या लिसा पाथफाइंडर या युरोपीय यानाने एल-१ भोवती फिरताना सोने-प्लॅटिनमचे दोन घन जवळजवळ निर्वेध मुक्तपतनात, म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवर, ठेवून दाखवले. त्या घनांवर वैश्विक किरणांमुळे विद्युतभार साचत राही आणि तो अतिनील दिव्यांनी उतरवावा लागे. गुरुत्वाकर्षणाचे अचूक गणित करणाऱ्यांनाही अवकाशातील हवामानाची दखल घ्यावीच लागते, ती अशी.

चूक दोन्ही बाजूंनी होते, हेही वाचकांना कळायला हवे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अंदाज केंद्राने पाचपैकी चौथ्या पायरीच्या भूचुंबकीय वादळाचा इशारा दिला होता. प्रत्यक्षात वादळ पाचव्या पायरीवर गेले, जे ऑक्टोबर २००३ नंतर घडले नव्हते. उलट फेब्रुवारी २०२२ मधले वादळ किरकोळ होते, तरी त्याने तापून फुगलेल्या वरच्या वातावरणाच्या घर्षणामुळे नुकतेच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळून गेले, कारण ते तेव्हा जेमतेम २१० किलोमीटर उंचीवर होते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे इशारा छापताना घटना सौरज्वालेची आहे की लोटाची, तिची पायरी कोणती आणि पोचण्याची वेळ किती तासांनी मागेपुढे होऊ शकते, एवढे मजकुरात यावे. क्षेत्राची दिशा तोवर कळलेली नसेल तर तसेही स्पष्ट लिहावे. आणि इशारा फसला, तर ती बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक