नवरदेवाची अंगठी निवडताना त्याचं काम विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की सराफ कट्ट्यावर साखरपुड्याच्या खरेदीची गर्दी सुरू होते. मुलीच्या मंगळसूत्रावर, पाटल्यांवर घरात चार-चार दिवस खल होतो. मुलाची अंगठी मात्र निघता निघता घेतली जाते आणि ती घेताना एकच प्रश्न असतो, किती ग्रॅमची? ज्या हातात ती घालायची तो हात दिवसभर काय करतो, हे मुलीकडचे विचारत नाहीत, मुलाकडचे सांगत नाहीत. मी आयुष्यभर टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा म्हणून, मागाशी झटलो. त्या अनुभवावरून हे कळकळीनं लिहितो आहे.

आमच्या खात्यात एक पोरगा होता, नुकतंच लग्न झालेला. जकार्डची, म्हणजे मागाच्या वर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राची, दोरी तुटली म्हणून वर चढला, दोरी बांधली आणि खालच्या पायऱ्या सोडून त्यानं उडी मारली. हात वरच्या अँगलवर होता. अंगठीचं मोठं चौकोनी तोंड बोल्टच्या डोक्याला अडकलं. माणूस खाली आला, अंगठी वर राहिली आणि बोटाची कातडी मोजा उलटा काढावा तशी निघून आली. माग बंद होता, पट्टा फिरत नव्हता. त्याच्या स्वतःच्या वजनानंच एवढं केलं. आतल्या रक्तवाहिन्या तुटल्यावर बोट वाचवता आलं नाही. ती अंगठी सासऱ्यानं कर्ज काढून केलेली होती आणि मांडवात तिच्या वजनाचं कौतुक झालं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की ज्याच्या हातात पाना, धोटा, स्टिअरिंग किंवा बॅटरीची वायर असते, त्याच्यासाठी उभ्या तोंडाची, खड्याची, सिंहाच्या किंवा गणपतीच्या मुखवट्याची अंगठी घेऊच नये. साधी वेढणी घ्यावी, चार-पाच मिलिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली, आतूनही किंचित गोलावा असलेली. बोटाच्या वर काहीच उठून येता कामा नये. शिवाय ती भरीव हवी. पोकळ अंगठी तोंडाकडून भरदार दिसते, पण पाना घट्ट धरला की मागची पट्टी चेपते.

बावीस कॅरेट की अठरा, यावर घरात वाद होतोच. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, ते मऊ असतं आणि रोजच्या वापरात वाकडं होतं. अठरामध्ये ७५ टक्के असतं, ते जास्त टणक. वडीलधाऱ्यांना मोडीचा भाव दिसतो, म्हणून ते बावीसवर अडून बसतात. माझं मत विचाराल तर रोज बोटात राहणार असेल तर अठरा घ्या, सणावाराला घालायची असेल तर खुशाल बावीस. मात्र टॉवेलच्या ब्लीचिंगला किंवा रंगखात्यात असणाऱ्यांनी कामावर कुठलीच सोन्याची अंगठी घालू नये. ब्लीचमधल्या क्लोरीननं सोन्यात मिसळलेला धातू खाल्ला जातो आणि जोडाच्या जागी बारीक तडा जातो. कमी कॅरेटमध्ये हे लवकर होतं.

अलीकडे मुलं मोबाइलवर बघून टंगस्टनची काळी अंगठी मागतात. दिसायला देखणी, चरा पडत नाही, किंमतही सोन्यापुढे किरकोळ. पण ती लहान-मोठी करता येत नाही, हे आधीच समजून घ्या. आज ज्याचं बोट सडपातळ आहे त्याचं दहा वर्षांनी तसंच राहील असं नाही. आणि बोट सुजलं तर सोन्याची अंगठी दवाखान्यातल्या छोट्या कटरनं कापता येते. टंगस्टन कार्बाइड त्या कटरला दाद देत नाही, पकडीत दाबून फोडावं लागतं. सोनाराला ते ठाऊक असतं, रात्रपाळीच्या दवाखान्यात ते कुणाला ठाऊक असेलच असं नाही.

मापाचंही तसंच. मुलाचं माप दोऱ्यानं घेऊन मामाला दुकानात पाठवायची पद्धत बंद करा, मुलाला समोर बसवा. थंडीच्या सकाळी घेतलेलं माप आपल्या सोलापूरच्या वैशाखात घट्ट होतं, कारण उन्हानं बोटं फुगतात. माप संध्याकाळी, काम करून आल्यावर द्यावं. रुंद पट्टीला थोडं सैल माप लागतं. पेरावरून उतरताना किंचित ओढ लागावी, पण साबण न लावता उतरावी, एवढं बघितलं की पुरे.

तरीही अडकलीच, तर आपल्या शहरात दोऱ्याला तोटा नाही. गुळगुळीत पक्क्या दोऱ्याचं एक टोक सुईच्या साहाय्यानं अंगठीखालून तळहाताकडे काढा. दुसरी बाजू अंगठीपासून सुरू करून, वेढ्याला वेढा चिकटवत, पेराच्या पुढेपर्यंत घट्ट गुंडाळा. मग तळहाताकडचं टोक बोटाच्या टोकाच्या दिशेनं धरून हळूहळू उलगडत जा. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. बोट निळं पडलं असेल, जखम असेल किंवा हाड मोडल्याचा संशय असेल तर हे करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पावतीचं थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, असलेलेच हॉलमार्कचे दागिने विकता येतात. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, पण चार-पाच ग्रॅमच्या वेढणीला आहे. तो क्रमांक अंगठीच्या आत असतो, बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासून बघा. पुढे माप वाढवायची वेळ आली तर कापताना तो शिक्का वाचवायला सांगा. घडणावळ पावतीवर वेगळी लिहून घ्या.

एक नाजूक गोष्ट. कामावर जाताना अंगठी काढली की घरात कुरबूर होते, नव्या सुनेला ते लागतं, सासूला अशुभ वाटतं. माझ्या बहिणींनो, आपल्या लग्नविधीत होम आहे, सप्तपदी आहे. अंगठी साखरपुड्याच्या हौसेची आहे आणि हौस म्हणून ती फार गोड आहे. नवऱ्यानं ती पहाटे तुमच्या हातात काढून दिली आणि पाळी संपल्यावर तुमच्याकडूनच घालून घेतली, तर त्यात काय कमी झालं? दोऱ्यात ओवून गळ्यात मात्र घालू नये. चालू मागापाशी गळ्यातला दोरा बोटातल्या अंगठीहून वाईट. कामावर बोट मोकळं नकोच वाटत असेल तर सिलिकॉनची अंगठी मिळते, जोराचा ताण आला की ती तुटते.

सराफ कट्ट्यावरच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. तबक पुढे ठेवण्याआधी नवरदेवाला विचारा, 'काम काय करता?' दोन ग्रॅम कमी विकले जातील, पण गिऱ्हाईक तुमचं नाव घेईल. आणि कारखानदारांनी खात्याच्या दाराशी, हजेरीच्या टेबलाजवळ, कुलपाच्या लहान कप्प्यांची एक पेटी भिंतीला ठोकावी. अंगठी, घड्याळ, कडं त्यात ठेवून कामगार आत जाईल. मुकादमानं हजेरी घेताना हातांकडेही एकदा बघावं.

आपला,
एक निवृत्त जॉबर,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर