यजमान शेतकरी काकूंना एका कृषीकन्येचं पत्र

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहिते आहे. कृषी पदवीच्या सातव्या सत्रात दरवर्षी कितीतरी विद्यार्थी कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून शेतकऱ्यांकडे काम शिकायला गावोगावी जातात. त्यांना शेतात आणि घरात जागा देणाऱ्या यजमान शेतकऱ्याचं नाव मात्र अहवालातल्या एका रकान्यापलीकडे पोहोचत नाही. तुमचे आभार त्या रकान्यात मावणारे नाहीत.

निफाड तालुक्यातल्या तुमच्या द्राक्षबागेत मी आले तेव्हा बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीविरुद्ध फवारायचं औषध, मला तोंडपाठ होतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही द्रावणं वेगवेगळी करायची आणि धातूचं भांडं वापरायचं नाही. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो. तुम्ही मात्र ड्रमात विळा बुडवून वर काढलात आणि पात्यावर चढलेला तांबूस थर माझ्यासमोर धरलात. "चुना कमी पडलाय. हे असंच मारलं तर पानं करपतील, मग खर्च कोण भरणार?" चुन्याची निवळी घालत गेलात, पुन्हा पुन्हा विळा बुडवलात, पातं स्वच्छ निघालं तेव्हाच पंप भरू दिलात. सामू, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा अल्कली आहे, हा शब्द मी तीन वर्षं लिहीत होते. तो चुकला तर कुणाचं नुकसान होतं, हे त्या दिवशी समजलं.

गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीच्या वेळी तर तुम्ही मोठीच जोखीम घेतलीत. काडी तपासणीचा रिपोर्ट आला होता आणि घड काडीवरच्या कितव्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या जागी आहे, ते त्यात लिहिलेलं होतं; कुठे कापायचं ते त्यावरून ठरतं. तुम्ही कात्री माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "या दोन ओळी तुझ्या." कागदावरचा आकडा एकच असतो. वेलीवर एक काडी जाड, दुसरी बारीक, तिसरी सावलीत वाढलेली. प्रत्येक काडीपाशी थांबून ठरवावं लागतं. चुकीच्या जागी कात्री चालली किंवा पुढे घड जिरले, म्हणजे न वाढताच नाहीसे झाले, तर त्या वेलीचं वर्ष गेलं. पीककर्ज डोक्यावर असताना शिकाऊ मुलीच्या हातात कोण कात्री देतं? तुम्ही दिलीत. सुरुवातीच्या वेलींपाशी माझ्या शेजारी उभ्या राहिलात आणि मग विश्वासानं दुसऱ्या कामाला गेलात. पेस्टिंगला, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावायला आलेल्या बायकांना हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू न देणं, हेही मी तुमच्याकडेच पाहिलं.

त्याहून मोलाची ठरली तुमची हिशेबाची वही. औषधं, मजुरी, डिझेल, बँकेचा हप्ता, आणि व्यापाऱ्याकडून यायचे राहिलेले पैसे. घरातली ही गोष्ट परक्या मुलीला कुणी दाखवत नाही. आज शेतकरी उत्पादक कंपनीत सल्ला देताना एखाद्या फवारणीची शिफारस करण्याआधी मी तिचा एकरी खर्च मांडते, ती सवय त्या वहीची आहे. नोकरीच्या मुलाखतीतही मला बागेबद्दलच जास्त विचारलं गेलं, आणि मला न अडखळता बोलता आलं.

१९९२ च्या रंधावा समितीनं कृषी पदवीत गावात राहून शिकण्याचा हा कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. शेतीचा पदवीधर शेतात राहून शिकावा, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पण कित्येक ठिकाणी बॅनर धरून फोटो, प्रात्यक्षिकाची बातमी आणि रोजनिशीवर सह्या एवढ्यावर तो उरकला जातो. महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे, मुलांना खरं काम देणारे यजमान शोधा आणि त्यांचा मान ठेवा. अभियांत्रिकी, वाणिज्य, औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांनाही हेच हवं असतं. शिकाऊ माणसाला नुसतं बघायला बसवलं तर त्याला प्रमाणपत्र मिळतं, काम येत नाही.

आणि रोज सकाळी डब्यासाठी वेगळी भाकरी थापत होतात, त्याचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

यंदा आमच्या कंपनीतही कृषीकन्या येणार आहेत. तुमचा काडी तपासणीचा रिपोर्ट आला की कळवा, त्यांना घेऊन येते. कात्र्या आम्ही आणू. तुम्ही फक्त वही दाखवा.

तुमची,
कृषीकन्या